नोटांवर भरलेला खटला

गेल्या अंकात अमेरिकेतील पोलीस अमली पदार्थविरोधी मोहिमेच्या नावाखाली जप्त करत असलेल्या रोकडीचा ओझरता उल्लेख आला होता आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यातील सांगलीच्या वाचकाचे पत्र इतके तातडीचे होते की त्यांना टपालाने आधीच उत्तर पाठवले आहे. तेच थोडे वाढवून येथे प्रथम देत आहे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नोकरी करतो. जुना ट्रक विकत घेण्यासाठी तो १४,००० डॉलर रोख घेऊन शेजारच्या राज्यात चालला होता. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून पोलिसांनी त्याला अडवले, गाडीची झडती घेतली आणि पैसे काढून घेतले. अमली पदार्थ सापडले नाहीत, अटक झाली नाही, साधा दंडही झाला नाही. सहा आठवड्यांनी एका केंद्रीय खात्याची नोटीस आली असून तिच्यात आरोपी म्हणून कोणाचेच नाव नाही, फक्त रकमेचे वर्णन आहे. हे कायदेशीर कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या भाच्याला आधी नोटिशीवरची तारीख पाहायला सांगा, बाकीचे सगळे नंतर. नोटीस रवाना झाल्यापासून उत्तरासाठी किमान ३५ दिवसांची मुदत असते, आणि ती उलटली की कोणत्याही न्यायाधीशाने कागद उघडूनही न पाहता ते पैसे सरकारजमा होतात. नोटिशीत दोन मार्ग दिलेले असतील. एक ‘क्लेम’, म्हणजे मालकीचा दावा. दुसरा ‘पिटिशन’, म्हणजे रक्कम परत मिळावी अशी विनंती. दुसरा मार्ग सौम्य आणि बिनखर्चाचा वाटतो, म्हणून घाबरलेला माणूस तोच धरतो; परंतु विनंती केली तर ज्या खात्याने पैसे ताब्यात घेतले तेच खाते ते परत द्यायचे की नाही हे ठरवते, आणि दावा केला तरच सरकारला ९० दिवसांच्या आत न्यायालयात जावे लागते किंवा रक्कम परत करावी लागते. आपल्या भाच्याने दावाच करावा. बँकेतून रक्कम काढल्याचा उतारा, पगाराच्या पावत्या, ट्रकच्या मालकाशी झालेले फोनवरचे निरोप, जे काही असेल ते एकत्र करून हा विषय हाताळणाऱ्या वकिलाकडे जावे. दाव्यावर शपथेवर सही करायची असते, त्यामुळे त्यातील प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे.

आता मूळ प्रश्न. आपल्या भाच्यावर खटला नाही, कारण खटला पैशांवर आहे. ही अतिशयोक्ती नसून अमेरिकेतील दिवाणी जप्तीच्या कायद्याची सरळ मांडणी आहे. तेथे फौजदारी जप्ती ही वेगळी गोष्ट आहे. ती आरोपीचा गुन्हा सिद्ध झाल्यावर होते. दिवाणी जप्तीत मात्र वस्तूच प्रतिवादी असते आणि मालक हा केवळ मध्ये पडून ‘हे माझे आहे’ म्हणणारा त्रयस्थ. त्यामुळे निकालपत्रांवर ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ अशी नावे दिसतात. हे नाव एका खऱ्या खटल्याचे आहे. २००३ मध्ये नेब्रास्कातील आंतरराज्य महामार्ग ८० वर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल एका चालकाला अडवले गेले. भाड्याच्या गाडीत एका कूलरमध्ये नोटांची पुडकी होती. अमली पदार्थ मिळाले नाहीत, पण पोलिसांच्या श्वानाने नोटांकडे इशारा केला. शिकागोत शीतपेटीचा ट्रक घेण्यासाठी ओळखीच्यांकडून गोळा केलेले हे पैसे आहेत, आणि इतकी रोकड जवळ बाळगणे हाच गुन्हा असेल या भीतीने आपण सुरुवातीला ती नाकारली, असे त्याने न्यायालयात सांगितले. खालच्या न्यायालयाने त्याच्यावर विश्वास ठेवला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल फिरवला आणि रक्कम सरकारजमा झाली.

फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. येथे संभाव्यतेचे पारडे किंचित सरकारच्या बाजूला झुकले तरी पुरते. शिवाय हा दिवाणी दावा असल्याने, ज्याला परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क साधारणपणे नसतो. २००० मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा सुधारला, सिद्धतेचा भार मालकावरून सरकारवर आणला आणि जिंकणाऱ्या मालकाला वकिलाचा खर्च मिळण्याची तरतूद केली. प्रत्यक्षात हरण्याची चिन्हे दिसू लागली की सरकार निकालाआधीच पैसे परत करते आणि मग तो खर्च द्यावा लागत नाही. २१ राज्यांची आकडेवारी तपासून इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०२० मध्ये दाखवून दिले की जप्त झालेल्या रोकडीचा मध्यक केवळ १,२७६ डॉलर आहे. म्हणजे निम्म्या प्रकरणांत रक्कम त्याहूनही लहान. तेवढ्यासाठी वकील लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बहुतेक लोक पैशांवर पाणी सोडतात, आणि त्यात निर्दोष किती होते हे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. आपल्या भाच्याची रक्कम लढण्याइतकी मोठी आहे. त्याने लढावे.

प्रश्न : जप्त झालेला पैसा शेवटी कोणाच्या खात्यात जातो? पोलिसांनाच त्यातला वाटा मिळतो हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे, आणि या सगळ्या विषयाचा कणा हाच आहे. वाटा कोणा पोलिसाच्या खिशात जात नाही. ही लाचखोरी नव्हे. तो पोलीस खात्याच्या निधीत, कायद्याने, पावतीसह जातो. मला ही बाब लाचेपेक्षा गंभीर वाटते, कारण लाच घेणाऱ्याला निदान पकडता येते.

१९७० च्या अमली पदार्थविषयक कायद्याने जप्तीची दारे उघडली, १९७८ मध्ये व्यवहारातून आलेली रोकडही तिच्या कक्षेत आली, पण तोवर जप्तीचे उत्पन्न सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होई. १९८४ च्या कायद्याने चित्र पालटले. केंद्रीय न्याय विभागात स्वतंत्र जप्ती निधी स्थापन झाला आणि तो कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांसाठीच वापरायचा असे ठरले. त्याच कायद्याने ‘इक्विटेबल शेअरिंग’ नावाची व्यवस्था आणली. गावातील किंवा जिल्ह्यातील पोलिसांनी पकडलेली रोकड केंद्रीय यंत्रणेकडे सोपवायची, जप्ती केंद्रीय कायद्याखाली करायची आणि मिळालेल्या रकमेतील ८० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्याच स्थानिक पोलिसांना परत द्यायचा. सांगलीच्या वाचकांच्या भाच्याला महामार्गावरच्या पोलिसाने अडवले आणि नोटीस मात्र केंद्रीय खात्याची आली, ती बहुधा या वाटेने.

या वाटेचा उपयोग कशासाठी होतो हे मिझूरीकडे पाहिले की कळते. त्या राज्याच्या कायद्यानुसार जप्तीचे पैसे शाळांना मिळायला हवेत. तरतूद उदात्त आहे, पण राज्याच्या कायद्याने जप्ती केली तर पोलिसांच्या हाती काही लागत नाही आणि केंद्राच्या वाटेने गेले तर मोठा हिस्सा परत येतो, म्हणून तेथील पोलिसांनी वर्षानुवर्षे दुसरी वाट धरली. निम्म्याहून अधिक राज्यांत तर एवढा वळसा घेण्याचीही गरज नाही. तेथील स्वतःचेच कायदे जप्तीची सगळी रक्कम पोलीस आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयांकडे जाऊ देतात.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७७० पोलीस अधिकाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी जप्ती ही आपल्या अंदाजपत्रकाची आवश्यक पुरवणी असल्याचे सांगितले. आवश्यक हा शब्द मी दोनदा वाचला. ज्या खात्याचा वर्षाचा खर्च अमुक इतकी रोकड सापडेल या गृहीतावर उभा आहे, त्या खात्याला ती सापडावीच लागते. आणि तो पैसा लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाबाहेरचा असल्यामुळे त्याचा हिशेबही सैल राहतो. जॉर्जिया राज्यातील एका शेरीफने, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाने, शाळकरी मुलांना अमली पदार्थांपासून परावृत्त करण्याच्या कार्यक्रमासाठी म्हणून ९०,००० डॉलरची डॉज व्हायपर ही शर्यतीची गाडी घेतली. टेक्सासमधील एका जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने पाककृती स्पर्धेसाठी मार्गरिटा हे मद्यपेय बनवण्याचे यंत्र घेतले. दोन्ही खर्च उघडकीस आले म्हणून आपल्याला माहीत आहेत.

पैशाची ओढ माणसाला कुठवर नेते हे पूर्व टेक्सासमधील टेनाहा या सुमारे हजार वस्तीच्या गावाने दाखवले. लुइझियानाच्या सीमेलगत महामार्ग ५९ वर तेथील पोलीस गाड्या अडवत. चालक बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असत. गाडीत रोकड सापडली की चालकापुढे कागद ठेवला जाई. पैशांवरचा हक्क सोडल्याची सही करा आणि जा; नाहीतर काळा पैसा फिरवल्याचा गुन्हा दाखल होईल. मुले सोबत असलेल्या प्रवाशांना, मुले ताब्यात घेऊन बालकल्याण यंत्रणेकडे पाठवू, असेही सांगितल्याच्या तक्रारी होत्या. रात्रीच्या वेळी अनोळखी गावात, मागच्या आसनावर मूल झोपलेले असताना, कोणता बाप सही करणार नाही? २००८ मध्ये अशा प्रवाशांनी एकत्र येऊन दावा लावला आणि २०१२ मध्ये तडजोड झाली, तिच्यानुसार प्रत्येक अडवणुकीचे चित्रीकरण करणे आणि कारणांची नोंद ठेवणे पोलिसांना बंधनकारक झाले.

प्रश्न : पद्धत कठोर असेल, पण अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचा पैसा तोडला तर व्यापार मोडतो, हे तर मान्य कराल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तत्त्व मान्य आहे. माफियाचा पैसा तुरुंगाबाहेर सुरक्षित राहिला तर त्याचा व्यापारही सुरक्षित राहतो, आणि गुन्हा सिद्ध झाल्यानंतरच्या जप्तीला माझा आक्षेप नाही. पोलिसांचे म्हणणेही ऐकून घेण्यासारखे आहे: रोकड वाहून नेणारा हस्तक पकडला गेला की अनेकदा पैसे आपले नाहीतच असे सांगून मोकळा होतो, आणि अशा वेळी खटला भरायला माणूस उरत नाही. परंतु पैसा मिळवणे आणि व्यापार मोडणे ही दोन उद्दिष्टे एकाच दिशेला जातात हे गृहीत धरता येत नाही. टेनेसीतील महामार्ग ४० चे उदाहरण घ्या. मेक्सिकोकडून येणारे अमली पदार्थ त्या रस्त्याने पूर्वेकडे जातात आणि विक्रीचा पैसा पश्चिमेकडे परततो. नॅशव्हिलमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीने २०११ मध्ये नोंदी तपासल्या तेव्हा पैसा परतणाऱ्या बाजूला पोलिसांनी अडवलेल्या गाड्या माल येणाऱ्या बाजूच्या सुमारे दहापट निघाल्या. माल शहरात पोहोचू दिला आणि तो विकला गेल्यावरच्या पैशाची वाट पाहिली, याहून वेगळा अर्थ त्यातून मला काढता येत नाही. दोन शेजारच्या पथकांमध्ये तर कोणत्या पट्ट्यात कोणी गाड्या अडवायच्या यावरून भांडणे झाली.

केंद्रीय पातळीवरचे चित्रही पाहा. न्याय विभागाच्याच महानिरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नोंदवले की अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, म्हणजे डीईएने, २००७ पासून ४ अब्ज डॉलरहून अधिक रोकड जप्त केली आणि त्यापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम न्यायालयाचा कोणताही संबंध न येता सरकारजमा झाली. त्यांनी नमुन्यादाखल १०० जप्त्या तपासल्या. त्यातील फक्त ४४ जप्त्यांचा चालू तपासाशी संबंध होता किंवा त्यांतून नवा तपास, अटक वा खटला निष्पन्न झाला, असे यंत्रणेला दाखवता आले. उरलेल्या ५६ वेळा पैसे घेतले गेले, आणि गुन्ह्याच्या तपासात त्यांचा काय उपयोग झाला हे यंत्रणेला सांगता आले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच महानिरीक्षकांनी विमानतळांवरील तथाकथित संमतीच्या झडत्यांवर बोट ठेवले. ऐनवेळी तिकीट काढणाऱ्या प्रवाशांची नावे विमान कंपनीतील एक कर्मचारी डीईएला पुरवत होता आणि सापडलेल्या रोकडीतील टक्केवारी त्याला मिळत होती. त्यांच्या या निष्कर्षांमुळे न्याय विभागाने त्याच महिन्यात अशा झडत्या थांबवण्याचा आदेश दिला.

न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये, नेब्रास्काने २०१६ मध्ये आणि मेनने २०२१ मध्ये दिवाणी जप्ती रद्द केली. न्यू मेक्सिकोत तर जप्तीचे पैसेही आता राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात. तेथे त्यानंतर गुन्हेगारी वाढल्याचे शेजारच्या राज्यांशी केलेल्या तुलनेत आढळलेले नाही.

प्रश्न : श्वानाने नोटांचा वास घेऊन इशारा केला, हा पुरावा कसा होऊ शकतो? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फार दुबळा पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्समधील संशोधकांनी २००९ मध्ये केलेल्या तपासणीत अमेरिकी शहरांतून गोळा केलेल्या सुमारे ९० टक्के नोटांवर कोकेनचे अंश सापडले. कोकेन ओढण्यासाठी एक नोट वापरली गेली की मोजणीच्या यंत्रातून आणि गल्ल्यातून ते अंश इतर नोटांना लागतात. तिथे दुधासाठी दिलेली साधी नोटही त्यातून सुटत नाही. काही न्यायालयांनी हे १९९० च्या दशकातच मान्य केले. तरीही इतर परिस्थितीबरोबर जोड म्हणून श्वानाचा इशारा आजही वापरला जातो.

प्रश्न : अमेरिकेची राज्यघटना मालमत्तेच्या हक्काचा एवढा आदर करते, मग सर्वोच्च न्यायालय हे कसे चालू देते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : या कायद्याचे मूळ समुद्रावर आहे. चाच्यांचे किंवा जकात चुकवणारे जहाज पकडले जाई तेव्हा त्याचा मालक दुसऱ्या खंडात असे, त्याला हजर करणे अशक्य. म्हणून जहाजावरच खटला भरण्याची रूढी पडली. त्या जहाजाच्या जागी आज माणसाची मोटार आणि त्याच्या बचतीचे पाकीट आले आहे आणि मालक तर तिथेच, रस्त्याच्या कडेला उभा असतो. तरीही न्यायालयाने ती जुनी परंपरा दीर्घकाळ प्रमाण मानली. १९९६ मध्ये मिशिगनमधील एका पत्नीची अर्ध्या मालकीची मोटार पतीच्या अपराधापायी गेली, आणि तिला काहीच माहीत नव्हते हा बचाव पाच विरुद्ध चार मतांनी अपुरा ठरला.

२०१९ मध्ये टिम्ब्स विरुद्ध इंडियाना या खटल्यात एक चांगला निकाल लागला. टिम्ब्स नावाच्या माणसाने सुमारे ४०० डॉलरचे हेरॉइन विकले होते आणि राज्याने त्याची ४२,००० डॉलरची लँड रोव्हर मोटार जप्त केली, जी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतली होती. त्या गुन्ह्याचा कमाल दंड १०,००० डॉलर होता. अवाजवी दंडाला असलेली घटनेची मनाई राज्यांनाही लागू आहे असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सर्वांच्या एकमताने लिहिले. तरी गाडी हातात यायला २०२० उजाडले.

२०२४ च्या मे महिन्यातला निकाल मात्र निराशाजनक आहे. अलाबामातील दोन महिलांच्या मोटारी, एकीची मुलाकडे तर दुसरीची मित्राकडे असताना, अमली पदार्थांच्या प्रकरणात जप्त झाल्या. अंतिम सुनावणीपर्यंत गाडी सरकारने का ठेवावी यासाठी आधी एक प्राथमिक सुनावणी व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. सहा विरुद्ध तीन मतांनी ती फेटाळली गेली. न्यायमूर्ती नील गॉर्सच हे बहुमतात असूनही त्यांनी क्लॅरेन्स थॉमस यांच्यासह वेगळे मत लिहून ही आधुनिक पद्धत मुळात घटनेत बसते का असा प्रश्न उभा केला, आणि सोनिया सोटोमायोर यांनी भिन्नमत नोंदवले. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंचे न्यायमूर्ती अस्वस्थ आहेत. संसदेतही तसेच आहे: स्थानिक पोलिसांना वाटा देणे थांबवणारे विधेयक २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने एकमताने पुढे पाठवले, पण त्या काँग्रेसची मुदत संपेपर्यंत ते मंजूर झाले नाही.

प्रश्न : आपल्याकडे निवडणुकीच्या काळात नाक्यावर व्यापाऱ्यांची रोकड पकडतात. तो प्रकार यातलाच का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्रास सारखा असला तरी रचना वेगळी आहे. आचारसंहितेच्या काळात कागदपत्रांशिवाय ५०,००० रुपयांहून अधिक रोकड सापडली तर पथक ती ताब्यात घेऊ शकते, परंतु पथकाला तीतला वाटा मिळत नाही, आणि तक्रार ऐकण्यासाठी जिल्हास्तरीय समिती असते, जिच्यापुढे कागद दाखवून रक्कम सोडवता येते. अमली पदार्थांबाबत आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात बेकायदा संपत्ती सरकारजमा करण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्या विक्रीचे उत्पन्न राष्ट्रीय निधीत जाते. आपली व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्या प्रकरणात संपत्ती वैध असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावरच आहे, आणि मुद्देमाल सोडवण्यासाठी न्यायालयाचे किती खेटे घालावे लागतात हे भोगलेल्यांना ठाऊक आहे. पण नाक्यावरच्या शिपायाने गाडी अडवावी की नाही हे त्याच्या ठाण्याच्या वार्षिक खर्चावर ठरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत एक लहान मोटेल चालवतात. रोजचा गल्ला रोख असतो. त्यांनी काय काळजी घ्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : देशांतर्गत प्रवासात कितीही रोकड जवळ बाळगणे हा अमेरिकेत गुन्हा नाही, देशाची सीमा ओलांडताना १०,००० डॉलरहून अधिक असेल तर ती जाहीर करावी लागते, एवढेच. बँकेत १०,००० डॉलरहून अधिक रोख भरली की बँक सरकारला कळवते. ते कळू नये म्हणून भरणा मुद्दाम तुकड्यांत करणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. किराणा दुकाने आणि उपाहारगृहे चालवणाऱ्या साध्या माणसांची खाती केवळ या कारणावरून गोठवली गेली होती. आता २०१९ च्या कायद्यानुसार पैसा बेकायदा स्रोताचा असल्याशिवाय किंवा गुन्हा लपवण्यासाठी तसे केले असल्याशिवाय करखात्याला या कारणासाठी जप्ती करता येत नाही. तरीही गल्ला जसा जमेल तसा पुरा भरावा आणि रोजची वही नीट ठेवावी.

मोटेलवाल्यांसाठी मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरीचा खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही पाहुण्यांनी खोल्यांत अमली पदार्थांचे व्यवहार केले म्हणून सरकारने एका कुटुंबाचे अख्खे मोटेलच जप्त करण्याचा दावा लावला. मालकावर कोणताही आरोप नव्हता. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने तो दावा फेटाळला, आणि मालक संशयास्पद गोष्टी दिसल्या की पोलिसांना कळवत असे व त्यांना सहकार्य करत असे, हे त्याच्या बाजूने गेले. आपल्या मुलीने असा प्रत्येक फोन तारखेसह वहीत लिहून ठेवावा. रस्त्यावर पोलिसांनी झडतीची परवानगी मागितली तर ‘माझी संमती नाही’ असे शांतपणे सांगण्याचा तिला हक्क आहे, आणि पैशांवरचा हक्क सोडल्याच्या कोणत्याही कागदावर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये, मग रात्र कितीही झालेली असो.